लेसरच्या झोताखाली पोलाद किती तापेल? संगणकावर गणित मांडण्याची पद्धत

धातूच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत पडला की प्रकाशलहरींचा काही भाग परावर्तित होतो आणि उरलेला भाग धातूत शिरून काही डझन नॅनोमीटरांतच संपतो. त्याची जी उष्णता होते ती तिथून आत आणि बाजूला पसरत जाते. ही घटना संगणकावर उभी करण्यासाठी विद्युतचुंबकीय लहरींचे गणित आणि उष्णतावहनाचे गणित अशा दोन गोष्टी लागतात. नवखी मंडळी बहुधा पहिल्या गणिताच्या भव्यतेत अडकतात, महागडे सॉफ्टवेअर शोधतात आणि शेवटी रंगीत चित्र मिळाले की समाधान मानतात. माझे मत असे की सपाट धातूच्या बाबतीत लहरींचे सगळे काम एका आकड्यात, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला किती भाग धातू शोषतो ते सांगणाऱ्या शोषकतेत, आटोपते. खरी कसोटी लागते ती तो आकडा आणि धातूचे तापमानानुसार बदलणारे गुणधर्म नीट निवडताना. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरण म्हणून एकच ठोस प्रश्न घेऊ. भोसरी-चाकण किंवा कोल्हापूरच्या कारखान्यांत ईएन-८ या नावाने ओळखले जाणारे मध्यम कार्बनचे पोलाद आहे. त्याच्या १० मिलिमीटर जाड पाटावर १.०६ मायक्रॉनच्या आसपास तरंगलांबी असलेला, ५०० वॅटचा लेसर लंबरूप रोखला आहे. झोताची तीव्रता गाउसीय वक्राप्रमाणे मध्यभागी सर्वाधिक आहे आणि झोताची त्रिज्या २ मिलिमीटर आहे. पाट सुरुवातीला २० अंश सेल्सिअसला आहे. लेसर हार्डनिंगसाठी, म्हणजे झोताने तापवून पृष्ठभाग कडक करण्यासाठी, पृष्ठभागाने सुमारे ७८० अंशांच्या वर जायला हवे, पण १,४०० अंशांच्या पुढे जाऊन वितळू नये. ते होईल का, हा आपला प्रश्न.

पहिली पायरी: किती प्रकाश शोषला जातो

धातूचा अपवर्तनांक हा संमिश्र संख्येच्या रूपात दिलेला असतो. त्याचा वास्तव भाग ‘न’ आणि शोषण दाखवणारा काल्पनिक भाग ‘क’ असे म्हणू. लंबरूप पडणाऱ्या प्रकाशासाठी फ्रेनेलच्या समीकरणांवरून

परावर्तकता = [(न − १)² + क²] ÷ [(न + १)² + क²]

असे मिळते, आणि जाड धातूतून काहीच आरपार जात नसल्यामुळे शोषकता म्हणजे १ वजा परावर्तकता. लोहासाठी १.०६ मायक्रॉनला न = ३.८१ आणि क = ४.४४ हे प्रचलित आकडे घेतले तर परावर्तकता ०.६४४ आणि शोषकता ०.३५६ येते. याच तरंगलांबीला ॲल्युमिनियमसाठी न = १.७५ व क = ८.५ घेतल्यास शोषकता सुमारे ९ टक्के येते. तांब्यासाठी न = ०.१५ व क = ६.९३ घेतल्यास ती जेमतेम १.२ टक्का उरते. तांब्याच्या वेल्डिंगसाठी हिरव्या लेसरकडे वळण्याचे कारण इथेच आहे, कारण ५३२ नॅनोमीटरला तांबे सुमारे ४० टक्के प्रकाश शोषते.

झोत तिरका असेल तर ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा, महत्त्वाचे ठरते. लोहावर ४५ अंशांनी पडणाऱ्या प्रकाशात, ज्याचे विद्युतक्षेत्र आपतन प्रतलात (पडणारा आणि परावर्तित किरण ज्या प्रतलात असतात त्यात) आहे त्याची शोषकता सुमारे ४६ टक्के येते. विद्युतक्षेत्र त्या प्रतलाला लंब असेल तर ती सुमारे २७ टक्के येते. दोन्हींची सरासरी मात्र ३६ टक्क्यांच्या जवळच राहते. त्यामुळे ध्रुवीकरण नसलेला झोत परावर्तन लेसरकडे परत जाऊ नये म्हणून थोडासा कलवला असेल, तर शोषकतेचा आकडा बदलण्याची गरज नसते. अगदी घसटता प्रकाश असेल तर गोष्ट वेगळी. आपतन प्रतलातील ध्रुवीकरणासाठी ८० अंशांच्या आसपास लोह जवळजवळ ७९ टक्के प्रकाश शोषते, आणि खोल खड्ड्याच्या भिंतींवर नेमकी हीच स्थिती असते.

हे आकडे स्वच्छ, गुळगुळीत, थंड धातूचे आहेत. प्रत्यक्षातला जॉब टर्निंग किंवा ग्राइंडिंग होऊन आलेला असतो, त्यावर तेलाचा अंश असतो आणि तापू लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. या सगळ्यामुळे शोषकता वाढते. दहा मायक्रॉनच्या कार्बन डायऑक्साइड लेसरसाठी विद्युतरोधावरून शोषकता काढणारे, १९०३ सालचे हागेन-रूबेन्स सूत्र वापरता येते. ते लोहासाठी खोलीच्या तापमानाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास उत्तर देते आणि रोध वाढला की शोषकता वाढते हेही दाखवते. मात्र तेच सूत्र १ मायक्रॉनला लावू नये. तिथे धातूतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन इतके साधे राहत नाही आणि उत्तर बरेच कमी येते. आपण सध्या ०.३६ हा आकडा घेऊन पुढे जाऊ.

दुसरी पायरी: उष्णता कुठे निर्माण होते

धातूत शिरलेल्या प्रकाशाची तीव्रता खोलीनुसार घातांकी वेगाने घटते. ती सुमारे ३७ टक्क्यांवर येण्याची खोली म्हणजे तरंगलांबी भागिले (४ × पाय × क), इथे पाय म्हणजे π. लोहासाठी ही खोली १९ नॅनोमीटर येते.

आता याची तुलना उष्णता तापवण्याच्या वेळात किती लांब पसरते त्या अंतराशी करावी. ते अंतर म्हणजे (४ × विसरणांक × वेळ) याचे वर्गमूळ. विसरणांक म्हणजे उष्णतावाहकता ÷ (घनता × विशिष्ट उष्मा). ईएन-८ ची उष्णतावाहकता ५० वॅट प्रति मीटर-केल्विन, घनता ७,८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा ४८० ज्यूल प्रति किलोग्रॅम-केल्विन धरली तर विसरणांक १३.३ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद येतो. म्हणजे १ मिलिसेकंदात उष्णता ०.२३ मिलिमीटर पसरते. ही लांबी शोषणाच्या खोलीच्या बारा हजार पट आहे. अशा वेळी उष्णता धातूच्या आत निर्माण होते असे न मांडता ती पृष्ठभागावरून आत शिरणारा प्रवाह आहे असे मांडणे पूर्णपणे योग्य असते. दहा नॅनोसेकंदांच्या स्पंदातसुद्धा (लेसरच्या क्षणिक ठोक्यातसुद्धा) उष्णता पाऊण मायक्रॉनाच्या आसपास पसरलेली असते, म्हणून तिथेही हीच मांडणी चालते.

हा निर्णय घेतला नाही तर काय होते ते पाहू. १९ नॅनोमीटरचा थर नीट टिपायला २ नॅनोमीटरचे खाने, म्हणजे गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे, लागतील. साध्या अग्रगामी पद्धतीत, म्हणजे आत्ताच्या तापमानांवरून पुढच्या क्षणाची तापमाने थेट काढताना, वेळेचे पाऊल खान्याच्या आकाराच्या वर्गाशी बांधलेले असल्याने ते ०.०७५ पिकोसेकंदांवर येईल, आणि एका सेकंदाच्या तापवण्यासाठी दहा लाख कोटींहून अधिक पावले टाकावी लागतील. लहरींचे समीकरण ४ मिलिमीटर रुंदीच्या झोतावर थेट सोडवायचे म्हटले तरी तीच गत होते. तरंगलांबीचा दहावा भाग एवढा खाना घेतला तर नुसत्या एका रेषेवर चाळीस हजार खाने होतात. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे एवढ्यावरून ती वापरायची नसते.

तिसरी पायरी: संगणक सुरू करण्याआधी कागदावर

गाउसीय झोतात मध्यबिंदूची तीव्रता २ × शक्ती ÷ (पाय × त्रिज्येचा वर्ग) इतकी असते. इथे त्रिज्या म्हणजे तीव्रता मध्यबिंदूच्या १३.५ टक्क्यांवर येते ते अंतर. काही लेखनात ३७ टक्क्यांची त्रिज्या वापरलेली असते, आणि तेव्हा सूत्रातला २ नाहीसा होतो. या दोन त्रिज्यांमध्ये २ च्या वर्गमुळाचा फरक असतो. एकाची त्रिज्या आणि दुसऱ्याचे सूत्र एकत्र आले तर तीव्रता थेट दुप्पट किंवा निम्मी होते. लेसर पुरवणाऱ्याने दिलेला ‘स्पॉट’चा आकडा व्यास आहे की त्रिज्या, आणि तो कोणत्या व्याख्येने, हे विचारून घ्यावे. आपल्या उदाहरणात शोषलेली मध्यबिंदू-तीव्रता २८.६ वॅट प्रति चौरस मिलिमीटर येते.

अमर्याद जाडीच्या, स्थिर गुणधर्मांच्या पदार्थावर असा झोत खिळवून ठेवला तर मध्यबिंदूच्या तापमानवाढीसाठी नेमके सूत्र उपलब्ध आहे. दीर्घकाळानंतरची वाढ म्हणजे

शोषलेली शक्ती ÷ [(२ × पाय) चे वर्गमूळ × उष्णतावाहकता × त्रिज्या]

आपल्या आकड्यांनी ५०० × ०.३६ म्हणजे १८० वॅट, ५० आणि ०.००२ मीटर घातल्यावर ७१८ केल्विन मिळतात. मधल्या वेळेसाठी या आकड्याला एका गुणकाने गुणायचे. विसरणाचे अंतर भागिले ३७ टक्क्यांची त्रिज्या, म्हणजे इथे १.४१४ मिलिमीटर, हे गुणोत्तर काढून त्याचा व्यस्त-टॅन रेडियनमध्ये घ्यावा आणि त्याला अर्ध्या पायने भागावे. यातून ३८ मिलिसेकंदांना वाढ बरोबर निम्मी म्हणजे ३५९ केल्विन, १०० मिलिसेकंदांना ४६६ आणि ५०० मिलिसेकंदांना ५९६ केल्विन अशी येते. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत, पुढे लागणार आहेत. पहिली निम्मी वाढ ३८ मिलिसेकंदांत होते, पण उरलेली वाढ फार सावकाश होते, हेही त्यात दिसते. ‘तापमान स्थिरावले’ असे म्हणण्याची घाई इथे बऱ्याच जणांना नडते.

चौथी पायरी: जाळी आणि वेळेची पावले

झोत खिळलेला आणि पाट मोठा असल्याने प्रश्नाला अक्षीय सममिती आहे. म्हणून त्रिज्या आणि खोली अशी दोनच परिमाणे पुरतात. त्रिज्येकडे २० मिलिमीटर आणि खोलीकडे १० मिलिमीटर एवढा प्रदेश घ्यावा. खाने ०.०५ मिलिमीटरचे एकसारखे घेतले तर एकूण ८०,००० खाने होतात. पायथन ही संगणकभाषा आणि त्यातील नमपाय हे आकडेमोडीचे साधन वापरून साध्या लॅपटॉपवर हे सहज चालते. बारकाव्याची हौस असेल तर पृष्ठभागाजवळ बारीक आणि खाली दहा-पंधरा टक्क्यांनी मोठे होत जाणारे खाने घ्यावेत. तयार साधन हवे असल्यास फिनलंडमध्ये विकसित झालेले एल्मर हे मोफत सॉफ्टवेअर किंवा कॉमसॉल, ॲन्सिस यांसारखी व्यावसायिक साधने आहेत. पण पहिल्यांदा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहावा असे माझे मत आहे, कारण त्यात कोणती अट आपण गृहीत धरली ते लपून राहत नाही.

परिमित आकारमान पद्धतीत प्रत्येक खाना म्हणजे एक कडे असते. शेजारच्या दोन कड्यांमधून वाहणारी उष्णता म्हणजे सामाईक पृष्ठाचे क्षेत्रफळ × उष्णतावाहकता × तापमानांतील फरक ÷ केंद्रांमधील अंतर. वरच्या थरातील प्रत्येक कड्यात लेसरची किती शक्ती टाकायची हे ठरवताना कड्याच्या मध्यावरची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करू नये. गाउसीय वक्राचे संकलन नेमके करता येते. आतल्या कडेसाठी उणे २ × (त्रिज्या ÷ झोत-त्रिज्या)² याचा घातांक काढावा, बाहेरच्या कडेसाठी तसाच काढावा, आणि दोन्हींतील फरकाला १८० वॅटने गुणावे. सगळ्या कड्यांची बेरीज तंतोतंत १८० वॅट येते, आणि पुढे ऊर्जेचा ताळेबंद बिघडला तर दोष झोतात नाही हे आधीच ठाऊक असते.

अग्रगामी पद्धतीत वेळेचे पाऊल खान्याच्या बाजूचा वर्ग भागिले (४ × विसरणांक) यापेक्षा मोठे चालत नाही. पोलादाचा विसरणांक थंड असताना सर्वांत जास्त, सुमारे १५.४ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असतो. त्यामुळे मर्यादा ४० मायक्रोसेकंदांच्या आसपास येते आणि आपण ३० घेऊन निर्धास्त राहू शकतो. अर्ध्या सेकंदाला सतरा हजार पावले होतात. आधीच्या आणि नंतरच्या क्षणांची सरासरी घेणारी, १९४७ सालची क्रँक-निकल्सन पद्धत वापरली तर मोठी पावले टाकता येतात, पण झोत एकदम सुरू होतो तेव्हा तिच्या उत्तरात पृष्ठभागाजवळ खोटी आंदोलने दिसतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे पहिली काही पावले पूर्ण पश्चगामी, म्हणजे नव्या क्षणाची सगळी तापमाने एकत्र सोडवणाऱ्या, पद्धतीने टाकणे.

पाचवी पायरी: तापमानानुसार बदलणारे गुणधर्म

आतापर्यंतच्या गणितात मध्यबिंदू फार तर २० + ७१८, म्हणजे ७३८ अंशांपर्यंत जातो. त्यावरून ‘हार्डनिंग होणार नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो चुकीचा आहे. कारण ५० ही उष्णतावाहकता थंड पोलादाची आहे. कार्बन पोलादासाठी युरोपीय बांधकाम मानकात, म्हणजे युरोकोड ३ मध्ये, दिलेले सूत्र घ्या. उष्णतावाहकता = ५४ − ०.०३३३ × तापमान, ८०० अंशांपर्यंत, आणि त्यापुढे २७.३. म्हणजे तापलेले पोलाद उष्णता वाहून नेण्यात जवळजवळ निम्मे मंद होते.

याचा परिणाम दीर्घकाळच्या स्थितीत कागदावरच काढता येतो. उष्णतावाहकतेचे तापमानावर संकलन करून त्यालाच नवे चल मानले की समीकरण पुन्हा सरळ होते. याला किर्खहॉफ रूपांतर म्हणतात. आपल्या उदाहरणात २० अंशांपासून मध्यबिंदूच्या तापमानापर्यंतचे हे संकलन १८० ÷ (२.५०७ × ०.००२), म्हणजे सुमारे ३५,९०० वॅट प्रति मीटर असायला हवे. ८०० अंशांपर्यंत त्यातले ३१,४७० खर्च होतात. उरलेल्या ४,४३० ला २७.३ ने भागले की आणखी १६२ अंश मिळतात. उत्तर येते ९६२ अंश. शक्ती, झोत आणि शोषकता यांतले काहीही न बदलता ७३८ चे ९६२ झाले, आणि ७८० ची रेषा त्या दोहोंच्या मध्ये आहे. हे दीर्घकाळचे टोक आहे. अर्ध्या सेकंदाचे तापमान त्याहून कमी असेल आणि ते प्रोग्रॅमकडूनच घ्यावे लागेल. पण निर्णय कोणत्या गोष्टीवर फिरतो ते यातून स्पष्ट होते.

विशिष्ट उष्मा दीर्घकाळच्या उत्तरावर परिणाम करत नाही, पण तिथे पोचायला किती वेळ लागेल ते तीच ठरवते. युरोकोडमध्ये ती २० अंशांना ४४० च्या आसपास आहे, ७३५ अंशांना ५,००० ज्यूल प्रति किलोग्रॅम-केल्विनपर्यंत उसळते आणि ९०० नंतर ६५० वर स्थिर होते. ही उसळी पोलादाच्या अंतर्गत रचनेतील बदलाची किंमत आहे. हे वक्र आगीत सावकाश तापणाऱ्या बांधकामासाठी आखलेले आहेत, आणि लेसरखाली तापण्याचा वेग प्रचंड असल्याने तोच बदल अधिक वरच्या तापमानाला घडतो. म्हणून उसळीचे नेमके स्थान फार मनावर घेऊ नये. तिच्याखालचे क्षेत्रफळ, म्हणजे एकूण लागणारी ऊर्जा, महत्त्वाची.

अशी टोकदार उसळी असताना प्रत्येक पावलात ‘उष्णता ÷ विशिष्ट उष्मा’ करून तापमान वाढवले तर एखादे पाऊल उसळीवरून उडी मारून जाते आणि ती ऊर्जा हिशेबातून गळते. त्यावर साधा उपाय असा की प्रत्येक खान्यात तापमान न साठवता एकूण उष्णतासाठा साठवावा. तापमान आणि उष्णतासाठा यांचा तक्ता सुरुवातीला एकदाच तयार करावा, प्रत्येक पावलात उष्णतासाठा वाढवावा आणि तक्त्यातून तापमान उलट वाचून घ्यावे. नमपायमध्ये हे एका ओळीत होते. वितळण्याची शक्यता असेल तर लोहाची वितळण्याची गुप्त उष्णता, सुमारे २४७ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम, त्याच तक्त्यात घालावी. वेगळे काही लिहावे लागत नाही. मात्र वितळलेल्या धातूचे वाहणे या प्रतिरूपात येत नाही, त्यामुळे तापमान वितळणबिंदूच्या बरेच वर गेले तर त्या भागातले आकडे केवळ ‘वितळले’ एवढ्याच अर्थाने वाचावेत.

दोन शेजारच्या खान्यांची उष्णतावाहकता वेगळी असेल तेव्हा सामाईक पृष्ठावर त्यांची हरात्मक सरासरी (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) घ्यावी.

सहावी पायरी: कडांच्या अटी

अक्षावर आणि बाहेरच्या कडेवर उष्णताप्रवाह शून्य ठेवावा. पृष्ठभागावरून होणारा ऱ्हास तापवताना फारसा महत्त्वाचा नसतो. हजार अंशांना परिपूर्ण काळा पृष्ठभागसुद्धा ०.१५ वॅट प्रति चौरस मिलिमीटर इतकेच प्रारण करतो, म्हणजे आपल्या २८.६ च्या अर्धा टक्का, आणि हवेमुळे होणारा ऱ्हास त्याच्याही दशांशाच्या आसपास असतो. पातळ पत्रा किंवा मिनिटभर चालणारे तापवणे असेल तर मात्र दोन्ही घालावेत. पत्र्याच्या खाली फिक्श्चर असेल तर त्याच्याशी होणारा संपर्क या दोहोंपेक्षा जास्त फरक पाडतो.

सातवी पायरी: उत्तर खरे आहे की नाही

गुणधर्म स्थिर ठेवून, म्हणजे ५०, ७,८५० आणि ४८० घालून, प्रोग्रॅम एकदा चालवावा आणि कागदावरच्या ३५९, ४६६ व ५९६ या आकड्यांशी तुलना करावी. १० मिलिमीटरची जाडी अर्ध्या सेकंदापर्यंत अमर्याद मानायला हरकत नाही, कारण तोवर विसरणाचे अंतर ५ मिलिमीटरच असते. फरक एका टक्क्याच्या आत यायला हवा. एक सावधगिरी मात्र हवी. खान्याचे तापमान त्याच्या मध्याचे असते, पृष्ठभागाचे नसते. वरच्या खान्याच्या तापमानात प्रवाह × अर्धा खाना ÷ उष्णतावाहकता एवढी भर घातली की पृष्ठभागाचे तापमान मिळते. इथे ही भर २८.६ × ०.०२५ ÷ ०.०५, म्हणजे १४ केल्विन आहे. ती विसरली तर सगळे बरोबर असूनही तुलना जुळत नाही आणि माणूस दोन दिवस भलतीकडे दोष शोधत बसतो.

त्यानंतर ऊर्जेचा ताळेबंद पाहावा. अर्ध्या सेकंदात १८० × ०.५ म्हणजे ९० ज्यूल आत गेले. सगळ्या खान्यांच्या उष्णतासाठ्यातील वाढ ऱ्हास बंद ठेवल्यावर ९० ज्यूलच यायला हवी, आणि ती दशांशाच्या बऱ्याच स्थळांपर्यंत जुळायला हवी. शेवटी खाने निम्म्या आकाराचे करून पुन्हा चालवावे. पाऊल एकचतुर्थांश करायला विसरू नये. मध्यबिंदूचे तापमान काही केल्विनांपेक्षा जास्त हलले तर जाळी अजून बारीक हवी. या तिन्ही चाचण्या झाल्यावरच बदलते गुणधर्म घालावेत. उलट क्रमाने गेल्यास चूक कुठे आहे ते सापडत नाही.

झोत सरकत असेल तर

हार्डनिंगमध्ये झोत सहसा सरकत असतो. वेग × ३७ टक्क्यांची त्रिज्या ÷ विसरणांक हे गुणोत्तर एकापेक्षा बरेच लहान असेल तर खिळलेल्या झोताचे उत्तर चालते. सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने आपले गुणोत्तर १.०६ येते, म्हणून इथे ते चालणार नाही आणि तीन परिमाणांत जावे लागते. मार्गाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने अर्धाच पाट घेतला तरी पुरते. पश्चगामी पद्धतीने मोठी पावले टाकत असाल तर एका पावलात झोत त्रिज्येच्या दहाव्या भागापेक्षा जास्त सरकू देऊ नये. इथे ते २० मिलिसेकंद होते. त्याहून मोठ्या पावलांनी पृष्ठभागावर मणी ओवल्यासारखे तप्त ठिपके उमटतात, जे प्रत्यक्षात नसतात. थंड होण्याचा वेग हवा असेल, आणि हार्डनिंगसाठी तो हवाच, तर झोत पुढे गेल्यावरही गणित चालू ठेवावे.

लहरींचे समीकरण खरोखर सोडवायचे तेव्हा

पृष्ठभागावर तरंगलांबीच्या आकाराच्या चऱ्या, छिद्रे किंवा कण असतील, अथवा धातूवर पातळ पारदर्शक थर असेल, तर एका शोषकतेने भागत नाही. चऱ्या ठरावीक अंतराने येत असतील तर एकाच चरीचा प्रदेश घेऊन बाजूंना आवर्ती अट घालावी. लहरींचा एक आवर्त सुमारे ३.५ फेम्टोसेकंदांचा असल्याने वेळेनुसार सोडवण्याची गरज नाही, वारंवारता प्रांतात सोडवून एका आवर्तावरची सरासरी शक्ती घ्यावी. धातूच्या आत जाळी करणार असाल तर १९ नॅनोमीटरमध्ये निदान पाच खाने हवेत. चऱ्यांचा आकार या खोलीपेक्षा खूप मोठा असेल तर धातू सोडून देऊन त्याच्या पृष्ठावर पृष्ठप्रतिबाधेची (पृष्ठावरील विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या गुणोत्तराची) अट घालणे पुष्कळ स्वस्त पडते.

इथे एक ठरलेला सापळा आहे. काही साधने काल-घटक धन चिन्हाने लिहितात, काही ऋण चिन्हाने. त्यानुसार संमिश्र अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग उणे क किंवा अधिक क असा लिहावा लागतो. चिन्ह उलटे पडले तर धातू प्रकाश शोषण्याऐवजी वाढवू लागतो आणि परावर्तकता एकापेक्षा जास्त येते. म्हणून चऱ्या घालण्याआधी त्याच मांडणीत सपाट लोह ठेवून शोषकता ०.३५६ येते का ते पाहावे. ती आली की मगच चऱ्या घालाव्यात. मिळालेली सरासरी शोषकता उष्णतेच्या गणितात जशीच्या तशी वापरता येते, कारण चरीच्या आतले तापमानभेद काही मायक्रोसेकंदांत पुसले जातात.

स्पंद पिकोसेकंदाइतका किंवा त्याहून छोटा असेल तर मात्र वरची बरीचशी मांडणी सोडून द्यावी लागते. एका पिकोसेकंदात उष्णता जेमतेम शोषणाच्या खोलीइतकीही पसरत नाही, आणि धातूतील इलेक्ट्रॉन तापलेले असताना अणूंची जाळी अजून थंडच असते. तिथे इलेक्ट्रॉन आणि अणुजाळी यांची तापमाने वेगळी धरून दोन समीकरणे एकमेकांना जोडणारे, १९७४ साली अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी मांडलेले द्वि-तापमान प्रतिरूप लागते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

शेवटची पायरी: शोषकता मोजून घ्या

वर ठरवलेल्या बदलत्या गुणधर्मांनी दीर्घकाळच्या तापमानाचे गणित शोषकता बदलून पाहिले तर ०.३० ला सुमारे ७४५ अंश, ०.३६ ला ९६२ आणि ०.४५ ला १,२९१ अंश येतात. तेलाचा हलका थर आणि ग्राइंडिंगच्या खुणा शोषकतेला ०.३६ वरून ०.४५ पर्यंत सहज नेऊ शकतात. अशा वेळी जाळी आणखी बारीक करून काहीही मिळणार नाही, आकडा मोजावाच लागतो.

मोजमाप अवघड नाही. त्याच पोलादाचा, त्याच फिनिशचा ४० × ४० × ४ मिलिमीटरचा तुकडा घ्यावा, त्याचे वस्तुमान सुमारे ५० ग्रॅम भरते. मागच्या बाजूला के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) स्पॉट वेल्ड करावे आणि तुकडा उष्णता न वाहणाऱ्या आधारांवर ठेवावा. शक्तिमापकाने झोताची शक्ती प्रत्यक्ष जॉबच्या जागी मोजून घ्यावी, कारण पॅनेलवरचा आकडा आणि लेन्सनंतरची शक्ती क्वचितच सारखी असते. मग २ सेकंद झोत टाकून तापमान नोंदत राहावे. ५०० वॅट आणि ०.३६ शोषकता असेल तर ३६० ज्यूल जातील आणि सगळीकडे सारखे झाल्यावर तुकडा १५ केल्विन तापलेला दिसेल. पुढे तो थंड होत जातो त्या वक्राची रेषा झोत बंद झाल्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवली की ऱ्हासाची दुरुस्ती होते. हे काम चौथ्या वर्गाच्या लेसरवर चालते, म्हणून त्या तरंगलांबीचा चष्मा आणि बंद कक्ष याशिवाय करू नये.

हाच प्रयोग दोनदा करावा. पहिल्यांदा झोत पसरवून, म्हणजे पृष्ठभाग फारसा न तापता, आणि दुसऱ्यांदा नव्या तुकड्यावर प्रत्यक्ष कामाच्या स्पॉटने. पहिल्यातून सुरुवातीची शोषकता मिळते, दुसऱ्यातून ऑक्साइड चढतानाची सरासरी. दोन्हींत मोठा फरक असेल तर प्रोग्रॅममध्ये शोषकता पृष्ठभागाच्या तापमानानुसार बदलती ठेवावी, आणि फरक थोडा असेल तर दुसरा आकडा घ्यावा. त्यानंतर प्रत्यक्ष जॉबवर कडक झालेल्या थराची खोली कापून, एचिंग करून (आम्लाने रचना उठावदार करून) मोजावी आणि प्रतिरूपातील ७८० अंशांच्या रेषेशी ताडून पाहावी. जुळत नसेल तर शोषकतेला हात लावू नये, कारण ती आता मोजलेली आहे. आधी झोताची त्रिज्या पुन्हा मोजावी आणि मग ७८० या आकड्याकडे संशयाने पाहावे, कारण इतक्या वेगाने तापताना तो खरोखर वर सरकलेला असतो.